वाहिनीबाहेरच्या माणसाचे ग्राफिक्स-शिक्षण

फोटोशॉप, इलस्ट्रेटर, आफ्टर इफेक्ट्स किंवा माया शिकवणारे क्लास पुण्यात पेठेपेठेत सापडतात. टीव्हीच्या बातम्यांत बोलणाऱ्याच्या छातीशी सरकत येणारी नावाची पट्टी, कोपऱ्यातले बोधचिन्ह, तळाशी धावणारी टिकर आणि मतमोजणीच्या दिवशी क्षणाक्षणाला बदलणारे आकडे ज्या सॉफ्टवेअरमधून पडद्यावर येतात, ते शिकवणारा क्लास मात्र मला पुण्यात मिळाला नाही. मुंबईत चौकशी केली, तेव्हा प्रत्येकाने एकच उत्तर दिले : एखाद्या वाहिनीत लागा, आपोआप शिकाल. वाहिनीत लागायचे, तर जाहिरातीतली पहिली अट याच सॉफ्टवेअरच्या अनुभवाची. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण या क्षेत्राला जशीच्या तशी लागू पडते.

मी मूळचा छपाईतला माणूस. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांची पुस्तके, दिवाळी अंक आणि नियतकालिके यांची मांडणी करणे हे माझे काम. पेजमेकर, क्वार्क आणि इनडिझाइन या क्रमाने हात बसत गेला आणि श्रीलिपीपासून युनिकोडपर्यंतचा मराठी अक्षरांचा प्रवास रोजच्या कामातून पाहायला मिळाला. टीव्हीकडे वळण्याचे कारण फारसे उदात्त नव्हते. छापील कामे कमी होत चालली होती, हे एक. आणि वृत्तवाहिन्यांवरचे मराठी पाहून होणारी चिडचिड हे दुसरे. तुटलेली जोडाक्षरे, पट्टीच्या काठावर कापले गेलेले उकार, जागा पुरत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी आवळलेले मथळे हे सगळे दुरुस्त करता येण्याजोगे आहे, असे मला वाटत असे. ते नेमके कोणत्या टेबलावर दुरुस्त होते, हे मात्र आत गेल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते.

बाहेरच्यांना हे शिकायला मिळत नाही, यामागे कोणाचा कट नाही. बाजाराचा आकार हे त्याचे कारण आहे. आफ्टर इफेक्ट्स वापरणारे असंख्य आहेत, म्हणून त्याचे क्लास चालतात आणि यूट्यूबवर त्याचे हवे तेवढे धडे मिळतात. प्रक्षेपणाच्या ग्राफिक्स-यंत्रणा विकत घेणारे ग्राहक म्हणजे प्रामुख्याने वाहिन्या, सामन्यांचे प्रक्षेपण करणाऱ्या निर्मितीसंस्था आणि ओबी व्हॅनचे, म्हणजे बाहेर जाऊन प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांचे, मालक. शिवाय नुसते सॉफ्टवेअर घेऊन भागत नाही. ताकदवान ग्राफिक्स कार्डाचा संगणक, एसडीआय, म्हणजे वाहिनीत केबलवरून फिरणारा व्हिडिओ सिग्नल, आत-बाहेर नेणारे व्हिडिओ कार्ड आणि परवान्याचे कुलूप असा सगळा संच लागतो. प्रशिक्षण बहुतेक वेळा त्या खरेदीबरोबरच ठरते. यंत्रणा बसली की प्रशिक्षक काही दिवस वाहिनीत येतो, त्या वेळी ज्यांची शिफ्ट असेल त्यांना शिकवतो आणि परत जातो. पुढच्या लोकांना हे शिकलेले लोक आपल्या आठवणीतून आणि वहीतल्या नोंदींतून शिकवतात. त्यामुळे एकाच सॉफ्टवेअरमधली एकच गोष्ट दोन वाहिन्यांत दोन निराळ्या पद्धतींनी केलेली दिसते आणि दोन्हीकडची माणसे आपलीच पद्धत बरोबर मानतात.

नावे सांगायची तर भारतातल्या वृत्तवाहिन्यांत व्हिजआरटी आणि वास्प थ्रीडी ही दोन नावे कानावर पडतात. खेळांच्या प्रक्षेपणात आणि परदेशात कायरॉन आणि रॉस कंपनीचे एक्सप्रेशन यांचीही मोठी वहिवाट आहे. वास्प थ्रीडी दिल्लीजवळच्या नोएडात तयार होते. व्हिजआरटीचे मूळ नॉर्वेतल्या बर्गन शहरात आहे; तिथल्या टीव्ही २ या वाहिनीच्या गरजांतून निघालेले काम, ऑस्ट्रियात तयार झालेले चित्र-इंजिन आणि इस्रायलमधली आभासी स्टुडिओ बनवणारी आरटी-सेट ही कंपनी, अशा तीन धाग्यांतून ती २००० सालाच्या सुमारास आजच्या नावाने उभी राहिली. आरेखन करण्यासाठी व्हिज आर्टिस्ट, प्रत्यक्ष चित्र काढून सिग्नल बाहेर पाठवणारे व्हिज इंजिन, ऑपरेटरसाठी व्हिज ट्रिओ, बातमीदार आणि कॉपी एडिटर यांच्यासाठी व्हिज पायलट आणि या सर्वांचा सामाईक साठा असलेले ग्राफिक हब, अशी तिची विभागणी आहे. ही विभागणी म्हणजेच निम्मे शिक्षण आहे, हे मला पुढे कळले. आरेखन करणारा, अक्षरे भरणारा आणि ती पडद्यावर सोडणारा ही तीन वेगळी माणसे असतात, असे गृहीत धरूनच हे सॉफ्टवेअर रचलेले आहे.

वाहिनीचे दार उघडेपर्यंत घरी बसून जे करता येते, ते मी कॅस्परसीजीवर केले. स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीने स्वतःच्या प्रक्षेपणासाठी बनवलेला आणि नंतर सर्वांना खुला केलेला हा सर्व्हर फुकट मिळतो. त्यात वेबपानासारखे, म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेले टेम्पलेट (मजकूर भरण्याचा तयार साचा) चालते आणि त्या टेम्पलेटमध्ये मुख्यतः चार क्रिया असतात : मजकूर घेणे, पडद्यावर येणे, पुढच्या पायरीवर जाणे आणि निघून जाणे. सर्व्हरला ५२५० क्रमांकाच्या पोर्टवरून साध्या मजकुरात आज्ञा पाठवायच्या. कोणत्या चॅनेलच्या कितव्या थरावर कोणते टेम्पलेट चढवायचे, ते एका ओळीत लिहायचे. व्हिडिओ कार्ड नसले, तरी चित्र संगणकाच्या पडद्यावर पाहता येते. याचा उपयोग केवढा झाला, ते सांगायला हवे. वाहिनीतल्या प्रशिक्षणात ‘थर’, ‘टेक’, ‘कंटिन्यू’, ‘आउट’ हे शब्द आले, तेव्हा माझ्याभोवतीचे नवे डिझायनर बटणे शोधत होते आणि मला निदान त्या बटणांमागे काय घडते, हे ठाऊक होते. ज्यांना आज हे क्षेत्र खुणावते आहे, त्यांनी महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत शोधण्यात वेळ घालवू नये. ती इंजिन, परवाना आणि कार्ड यांच्याशिवाय धड चालत नाही आणि चाललीच, तरी काम कसे वाटले जाते, ते तिच्यातून कळत नाही.

दार उघडले ते निवडणुकीमुळे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी मुंबईतली एक मराठी वाहिनी आपले सगळे ग्राफिक्स पॅकेज बदलत होती. नवे फॉन्ट निवडायचे होते आणि २८८ मतदारसंघांची नावे, पक्ष, आघाड्या आणि उमेदवार यांची अक्षरे तपासणारा कोणीतरी हवा होता. निवडणूक हा या धंद्यातला सुगीचा हंगाम. एरवी बाहेरच्याला उंबऱ्याशीही उभे न करणारे लोक त्या दोन-तीन महिन्यांत हाताला हात हवा म्हणून फोन करतात. मला अक्षरांसाठी बोलावले होते, प्रशिक्षणासाठी नव्हे. प्रशिक्षणाच्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसू द्यावे, अशी विनंती मी ग्राफिक्स विभागाच्या प्रमुखांना केली. त्यांनी ‘बसा, पण मध्ये प्रश्न विचारू नका’ या अटीवर ती मान्य केली.

शिकवायला आलेले सर दिल्लीकडचे होते आणि हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात अतिशय शांतपणे बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी एकही सुंदर गोष्ट करून दाखवली नाही. एक आयत काढला, त्याच्या खाली एक रिकामा कप्पा ठेवला, त्यात अक्षरे टाकली आणि मग तासभर फक्त त्या कप्प्यांच्या झाडाबद्दल बोलले. व्हिज आर्टिस्टमध्ये पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू ही एका झाडातला कप्पा असते. रंग, पोत, पारदर्शकता आणि जागा हे गुण त्या कप्प्यावर ओढून टाकायचे असतात. वरचा कप्पा हलला की त्याच्या पोटातले सगळे हलतात. इथवर कोणालाही फार अडचण येत नाही.

छपाईतून आलेल्या माणसाची खरी अडचण पुढे सुरू होते. छापील पानावर मी प्रत्येक गोष्टीची जागा ठरवतो : मथळा डावीकडून इतक्या अंतरावर, छायाचित्राची रुंदी इतके स्तंभ. मजकूर माझ्या डोळ्यांसमोर असतो आणि तो बदलला, तर पान पुन्हा माझ्याकडे येते. नावाच्या पट्टीचे टेम्पलेट बनवताना मजकूर अस्तित्वातच नसतो. तिच्यात उद्या ‘मुख्यमंत्री’ येईल आणि परवा ‘केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री’ येईल. दोन्ही वेळा पट्टी ठीक दिसली पाहिजे आणि त्या वेळी डिझायनर घरी झोपलेला असेल. म्हणून जागा ठरवायच्याच नाहीत, नाती ठरवायची. हुद्द्याची पट्टी नावाच्या रुंदीच्या मागोमाग वाढेल, यासाठी ऑटोफॉलो. अक्षरे ठरावीक रुंदीबाहेर जाऊ लागली, तर ती आवरण्यासाठी मॅक्स साइझ. दुसरी ओळ रिकामी असेल, तर तिची पट्टी आपोआप अदृश्य होण्यासाठी एखादी छोटी स्क्रिप्ट. टेम्पलेट म्हणजे रांगोळीचा ठसा. आकार बनवणारा एक आणि त्यातून रांगोळी भरणारा हात दुसऱ्याचा. मला ही सवय लागायला वेळ लागला, आणि अजूनही नवे काम हाती घेतले की माझा हात आधी मोजपट्टीकडेच जातो.

मॅक्स साइझबद्दल माझे मत सरांच्या मताहून वेगळे आहे. लांब मजकूर आडवा आवळून पट्टीत बसवणे ही सोय इंग्रजीत एकवेळ खपते; देवनागरीत अक्षर आवळले की ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि वाचणारा अडखळतो. माझ्या टेम्पलेटांत मी आवळण्याला थोडीशीच मुभा देतो. त्यापलीकडे मजकूर दोन ओळींत जातो आणि तरीही बसला नाही, तर लाल रंगात दिसून ऑपरेटरला तो छोटा करायला लावतो. डेस्कवरच्या काही जणांना हे जाचक वाटते. वाटो. मथळा छोटा लिहिणे हे त्यांचे काम आहे आणि सॉफ्टवेअरने ते झाकून घेऊ नये.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे वेळ. आफ्टर इफेक्ट्समध्ये रेंडर लावून जेवायला जाता येते. इथे चित्र आधीपासून तयार नसते. इंजिन ते त्या क्षणी काढते. आपल्याकडच्या १०८०आय५० या एचडी पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे जातात, म्हणजे प्रत्येकासाठी इंजिनाकडे २० मिलिसेकंद असतात. त्यात पट्टीची चमक, सावली, मागची हलणारी पोतदार पार्श्वभूमी, टिकर आणि बोधचिन्ह हे सारे बसले पाहिजे. नाही बसले, तर चित्र गचके खाते. सर कोणतेही दृश्य उघडले की आधी त्याला किती वेळ लागतो, ते पाहत आणि मग सौंदर्यावर बोलत. एका होतकरू मुलाने काचेचे प्रतिबिंब असलेली फार देखणी पट्टी केली होती. सरांनी तिची तारीफ केली आणि तिच्यातला निम्मा ऐवज काढून टाकायला सांगितला.

अर्धचित्रांची ही पद्धत अक्षरांच्याही मुळावर येते. एका चित्राच्या विषम ओळी एका वेळी आणि सम ओळी पुढच्या वेळी जातात. एकाच ओळीच्या जाडीची आडवी रेघ असेल, तर ती फक्त एकाच अर्धचित्रात असते आणि म्हणून सेकंदाला २५ वेळा लुकलुकते. रोमन लिपीत अशा आडव्या रेघा थोड्या असतात. देवनागरीत प्रत्येक शब्दावर शिरोरेघ आहे. नाजूक, पातळ शिरोरेघेचा फॉन्ट डिझायनरच्या मॉनिटरवर मोठा राजस दिसतो आणि प्रक्षेपणात पूर्ण मथळ्याचे डोके थरथरू लागते. नव्या पॅकेजसाठी आलेल्या फॉन्टांपैकी दिसायला सर्वांत देखणा फॉन्ट आम्ही याच कारणाने टिकरसाठी नाकारला आणि जाड शिरोरेघेचा, जरासा ओबडधोबड फॉन्ट घेतला. रंगाचेही तसेच. सिग्नलमध्ये उजेडाची माहिती पूर्ण जाते, पण रंगाची त्याहून कमी; त्यामुळे निळ्यावर लाल अक्षरे ठेवली की कडा पसरतात. ‘ब्रेकिंग’ची पट्टी लाल आणि तिच्यावरची अक्षरे पांढरी असतात, ही फक्त भडकपणाची हौस नाही.

मराठी अक्षरांच्या चाचणीसाठी मी जी यादी केली होती, तिने मला त्या खोलीत मागच्या खुर्चीवरून पुढे आणले. यादीतला पहिला शब्द ‘शेतकऱ्यांना’. मराठी बातम्यांत हा शब्द येत नाही असा दिवस नसेल. तरी हिंदी नजरेसमोर ठेवून बनवलेल्या अनेक फॉन्टांत ‘ऱ्या’मधला तो बाकदार, पापणीसारखा रकार नसतो. मग एक तर ‘र’ पाय मोडून उभा राहतो, किंवा नुक्ता खाली लोंबतो, किंवा डेस्कवरचा कोणी तरी घाईत ‘शेतकर्यांना’ असे लिहून रफार वर चढवतो आणि शब्दाचा उच्चारच बदलतो. दुसरी कसोटी उंचीची : ‘कर्मचाऱ्यांनी’ ठीक, पण ‘गर्दीं’सारख्या अक्षरात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकावर एक येतात आणि ‘ट्टू’, ‘द्ध्रू’ यांसारखी जोडाक्षरे खाली लोंबतात. पट्टीची उंची ‘अबकड’ टाकून ठरवली, तर यातले काही ना काही कापले जाते. मतदारसंघांपैकी मूर्तिजापूर, ब्रह्मपुरी, अर्जुनी मोरगाव आणि श्रीवर्धन ही चार नावे मी प्रत्येक टेम्पलेटमध्ये टाकून पाहत असे. ‘ह्म’ तुटतो का, ‘र्ति’ची वेलांटी रफाराशी भांडते का, ‘श्री’ नीट जुळतो का, हे त्यांतून लगेच दिसते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत आणि चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात, पण मराठी वळण मुद्दाम चालू करावे लागते, किंवा फॉन्टच तसा बनवून घ्यावा लागतो. आम्ही बनवून घेतला.

आकड्यांनीही बराच छळ मांडला होता. देवनागरी अंकांत १ अरुंद आणि ३, ६ रुंद असतात. मतांची आघाडी दर काही सेकंदांनी बदलते, तेव्हा ११,११७चे २०,३३६ झाले की आख्खी संख्या डावी-उजवीकडे धक्के खाते आणि शेजारचे उमेदवाराचे नावही तिच्यामागे हलते. छापील तक्त्यांसाठी समान रुंदीचे अंक वापरण्याची सवय मला होतीच. तेच अंक फॉन्टमध्ये घालून घेतले आणि संख्या उजवीकडे बांधली. सरांनी हा प्रकार आधी पाहिला नव्हता. त्यानंतर प्रश्न न विचारण्याची अट बारगळली.

डिझायनरांचे प्रशिक्षण संपले आणि ऑपरेटरांचे सुरू झाले, तेव्हा डिझाइनची बरीचशी मंडळी उठून गेली. मी थांबलो, आणि माझ्या मते या सगळ्या शिक्षणातला तोच भाग सर्वांत मोलाचा होता. व्हिज ट्रिओमध्ये डिझायनरचे दृश्य टेम्पलेट म्हणून येते. त्यातल्या ज्या कप्प्यांवर कंट्रोल टेक्स्ट किंवा कंट्रोल इमेज लावलेले असते, तेवढेच ऑपरेटरला दिसतात. बाकीचे झाड त्याच्यासाठी नाहीच. ऑपरेटर कप्पे भरतो, त्या पानाला क्रमांक देतो आणि पीसीआरमधून, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षातून, निर्मात्याने सांगितले की तो क्रमांक बोलावून ‘टेक’ करतो. रनडाउन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांची क्रमवार यादी, न्यूजरूमच्या सॉफ्टवेअरमधून आले, तर हीच पाने एमओएस या सामाईक बोलीतून बातमीला चिकटून येतात. दृश्यांचे थर आणि त्यांचे परस्परांशी वागणे आधीच ठरवून ठेवता येते : पूर्ण पडद्याची आकडेवारी आली की नावाची पट्टी स्वतःहून बाजूला जाईल, टिकर मात्र राहील. हे न ठरवले, तर ऑपरेटरला घाईत दोन-तीन गोष्टी हाताने काढाव्या लागतात आणि त्यांतली एखादी पडद्यावर राहून जाते.

रात्रपाळीच्या एका ताईंच्या शेजारी बसायला मिळाले. अनेक वर्षे पीसीआरमध्ये काढलेल्या त्या बाईंचा हात कीबोर्डवर असतो आणि नजर वर मॉनिटरांच्या भिंतीवर. निर्मात्याचा आवाज, दृश्ये बदलणाऱ्या यंत्रावरच्या, म्हणजे स्विचरवाल्याचा आवाज आणि बाहेरून जोडलेल्या बातमीदाराचा आवाज एकाच वेळी कानावर पडत असताना त्या नाव टाइप करत होत्या. मध्ये जाहिराती लागल्या, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून नव्या पट्टीबद्दल सांगितले, ‘‘दादा, पट्टी छानच झालीय तुमची. पण नाव, हुद्दा, ठिकाण, वेळ, लाइव्ह हवं की नको, एवढं सगळं मला वेगवेगळं का भरायला लावता? माणूस दोन वाक्यं बोलून गेला तरी मी भरतेच आहे.’’ दुसऱ्या दिवशी त्या टेम्पलेटमध्ये भरायला फक्त नाव आणि हुद्दा उरला. वेळ संगणकाच्या घड्याळावरून येऊ लागली, ठिकाण मागच्या पानावरून आणि ‘लाइव्ह’ एका कळीवर. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रात एका बिंदूचाही फरक पडला नाही. कोणत्याही डिझाइनच्या क्लासमध्ये असल्या कामाला गुण मिळणार नाहीत.

स्विचरवाल्या दादांनी की आणि फिल समजावून दिले, तेही तिथेच. इंजिनातून दोन सिग्नल निघतात. एकात रंगीत चित्र आणि दुसऱ्यात त्याच आकाराची करडी सावली, जी सांगते की चित्र कुठे किती पारदर्शक आहे. स्विचर या दोहोंवरून ग्राफिक्स मूळ दृश्यावर बसवतो. पारदर्शकतेचा हिशेब इंजिनातही आणि स्विचरवरही, असा दोनदा झाला की पांढऱ्या अक्षरांभोवती काळसर किनार येते, आणि ती स्टुडिओतल्या गडद पार्श्वभूमीवर दिसतच नाही. उन्हातल्या मोर्चाच्या दृश्यावर मात्र अक्षरे मळकी दिसतात. घरी टीव्हीवर अशी किनार मी कितीदा पाहिली असेल आणि दरवेळी फॉन्टला नावे ठेवली असतील. दोष बहुधा स्विचरवरच्या एका सेटिंगचा असतो.

मतमोजणीच्या आधीच्या रंगीत तालमींबद्दल एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. तालमीत वापरायची आकडेवारी खरी वाटता कामा नये. म्हणून उमेदवारांच्या जागी ‘उमेदवार १’, ‘उमेदवार २’ आणि पक्षांच्या जागी रंगांची नावे टाकत. चुकून ते दृश्य बाहेर गेले, तरी कोणाचा विजय जाहीर होऊ नये. बेरीज २८८च्या पुढे गेली, तर पट्टीने ती दाखवूच नये आणि बहुमताची खूण १४५वर स्थिर राहावी, या दोन्ही अटी टेम्पलेटमध्येच बांधल्या होत्या. २३ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता टपाली मतांपासून मोजणी सुरू झाली. डिझायनरांनी आदल्या रात्रीनंतर काही बदलायचे नाही, असा दंडक होता. आम्ही चौघे मागे बसून होतो आणि आमच्याकडे दिवसभर कोणी पाहिले नाही. काम जमल्याची पावती तीच.

त्या निवडणुकीनंतर मला कामे मिळू लागली, पण वाहिनीतल्या नोकरीच्या रूपाने नव्हे. फॉन्ट आणि टेम्पलेट तपासून देणारा बाहेरचा माणूस म्हणून. बाहेरचेपणाचा तोटा असा की घरी इंजिन नाही. प्रत्येक गोष्ट करून पाहायला वाहिनीतले एखादे यंत्र मोकळे असण्याची वाट पाहावी लागते आणि ते बहुधा मध्यरात्रीनंतर मोकळे होते. स्क्रिप्टिंगमध्ये मी अजून कच्चा आहे. दर अर्धचित्राला चालणारी स्क्रिप्ट कुठे लिहावी आणि कुठे लिहू नये, हा अंदाज त्या यंत्रावर रोज बसणाऱ्यांनाच येतो. फायदाही आहे. आतल्या लोकांना त्यांचा ‘शेतकर्यांना’ इतका सवयीचा झालेला असतो की तो दिसेनासा होतो.

मुले विचारतात की आधी कोणते सॉफ्टवेअर शिकू. कॅस्परसीजी उतरवून घ्या, एचटीएमएल आणि थोडी जावास्क्रिप्ट शिका. व्हिज, वास्प किंवा एक्सप्रेशन यांपैकी जे समोर येईल, ते मग परके वाटणार नाही. दिवसा वाहिनीत कोणालाही वेळ नसतो, म्हणून ओळखीतून रात्रपाळीला बसू देण्याची परवानगी मागा आणि ती डिझाइन विभागात नव्हे, पीसीआरमध्ये मागा. टॉकबॅकच्या, म्हणजे स्टुडिओ आणि पीसीआरमधल्या आपसातल्या बोलण्याच्या यंत्रणेच्या, कळीला हात लावू नका, चहाचा पेला टेबलावर ठेवू नका आणि बुलेटिन चालू असताना प्रश्न विचारू नका. जाहिराती लागल्या की ऑपरेटर स्वतःच सांगायला लागतात. बरोबर कठीण मराठी शब्दांची एक फाइल असू द्या. माझ्या फाइलीत सध्या ‘शेतकऱ्यांना’नंतर दुसऱ्या क्रमांकावर ‘ब्रह्मपुरी’ आहे.